साठ हजारांची गोळी कुणासाठी?

फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टात हल्ली एक ओळ हमखास ठळक छापून येते : व्हिटॅमिन डी १८, शेजारी अपेक्षित पातळी ३० ते १००. साखर ठीक, थायरॉइड ठीक, हे मात्र कमी. मग आठवड्याला एक अशी साठ हजार युनिटची गोळी सुरू होते. आठ आठवड्यांचा कोर्स संपला तरी थांबा म्हणून कुणी सांगत नाही, म्हणून पुष्कळांची ती पुढे चालूच राहते. हाडांना ड जीवनसत्त्व लागतं, खरी कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो धडधाकट माणसांची सरसकट तपासणी करण्याबद्दल आणि हृदयविकारापासून कर्करोगापर्यंत सगळं टळेल या आशेवर गोळ्या घेण्याबद्दल. या दोन्हींना पुरावा नाही, आणि ज्यांना हे जीवनसत्त्व खरोखर हवं आहे ते या गर्दीत मागे पडतात.

आधी त्या ३०चं पाहू. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१०च्या अखेरीस सांगितलं, की रक्तात मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ड असलं तर जवळजवळ सगळ्यांच्या हाडांची गरज भागते. पुढच्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने २१ ते २९ या पातळीलाही ‘अपुरी’ ठरवलं आणि जगभरच्या लॅबनी ३० धरून ठेवलं. २०२४मध्ये याच सोसायटीने ती रेषा मागे घेतली, इतकंच नव्हे तर निरोगी प्रौढांची सरसकट ड-तपासणी करू नये असंही सुचवलं. आपल्याकडचे छापील रिपोर्ट मात्र अजून जुन्याच रेषेवर आहेत. रेषा कुठे ओढली यावर रोगी किती हे ठरतं. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ नॅनोग्रॅमखालची पातळी म्हणजे कमतरता असं धरलं होतं. त्या मापाने एक ते चार वर्षांची १४ टक्के, पाच ते नऊची १८ टक्के आणि दहा ते एकोणीसची २४ टक्के मुलं कमतरतेत निघाली. हा आकडा काळजी करण्याजोगाच आहे. पण ३०ची रेषा लावली तर अख्खा देशच आजारी ठरेल, आणि त्यात ही खरी गरजू मुलं ओळखूही येणार नाहीत.

आता आजार टाळण्याच्या दाव्याकडे. ज्यांचं ड कमी त्यांच्यात हृदयविकार, मधुमेह, कर्करोग जास्त आढळतो, हे पाहणीत वारंवार दिसलं आहे. पण उन्हातान्हात हिंडणारा, हालचाल करणारा माणूस मुळातच जास्त निरोगी असतो. लठ्ठपणात ड कमी होतं, आजारात शरीरात दाह असतो त्यानेही ते उतरतं. म्हणजे पुष्कळदा आधी आजार येतो आणि ड नंतर घसरतं. याचा निकाल लावायचा तर निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी द्यावी लागते. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीने तेच केलं : २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट, सुमारे पाच वर्षं. कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०२२मध्ये हाडं मोडण्याचा हिशेब आला, त्यातही नाही. ऑस्ट्रेलियात एकवीस हजारांवर ज्येष्ठांना पाच वर्षं महिन्याला ६०,००० युनिट, म्हणजे आपल्याकडच्याच मापाची मात्रा दिली. मृत्यू कमी झाले नाहीत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे : या लोकांना मुळात कमतरताच नव्हती, मग फायदा दिसणार कसा? पण मंगोलियातल्या चाचणीत ८,८५१ शाळकरी मुलं होती आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्यांची पातळी २०च्या खाली होती. तीन वर्षं आठवड्याला १४,००० युनिट दिल्यावर ती चांगली वर चढली, तरी क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. दुसरा आक्षेप असा, की सगळेच निकाल कोरडे नाहीत. खरंच नाहीत. व्हायटलमध्येच शरीराने स्वतःवर उलटण्याचे विकार २२ टक्के कमी आढळले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना, गरोदर स्त्रियांना, मुलांना आणि पंचाहत्तरीपुढच्यांना पूरक ड द्यावं, असं २०२४च्या त्याच शिफारशींत म्हटलं आहे. म्हणून ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी बसणार नाही. तिसरा आक्षेप आपल्या फार अंगवळणी पडलेला : जीवनसत्त्वच तर आहे, घेतलं तर बिघडतं कुठे? ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले तेव्हा त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आपल्याकडे तर सहा लाखांचं इंजेक्शन मिळतं. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान सुरू होते आणि शेवटी मूत्रपिंडावर येतं.

मग गरज कुणाला? पुण्यातल्या एका झोपडपट्टीतल्या लहान मुलांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. पाळणाघरात जाऊन उन्हात खेळणारी मुलं आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत राहणारी मुलं, वस्ती एकच. खोलीतल्या मुलांच्या रक्तात ड फारच कमी होतं आणि मुडदूसही त्यांच्यातच जास्त. देशात ऊन भरपूर असून भागत नाही, ते कातडीवर पडावं लागतं. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं कितीही कौतुक असलं तरी ड तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोचतात, खिडकीच्या काचेतून तर नाहीतच, आणि सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. आईच्या दुधात ड जेमतेम असतं, म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगते. जोडीला कॅल्शियम हवं. ते आहारात कमी पडलं की शरीरातलं ड लवकर खर्ची पडतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पॉलिशच्या तांदळात नगण्य. पॅकेजमधल्या चाचण्यांवर खर्च होणारा पैसा थेंब, नाचणी आणि मुलांना खेळायला मोकळी जागा यांवर लागला तर मुडदूस कमी होईल.

हाडं दुखत असतील, उकिडवं बसून उठताना मांड्यांत जोर राहिला नसेल, मुलाचे पाय वाकत असतील, मूत्रपिंडाचा वा यकृताचा आजार असेल, फिट्सची औषधं चालू असतील, तर तपासणी जरूर करा. आयसीएमआरने २०२०मध्ये ठरवलेली प्रौढांची रोजची गरज ६०० युनिट आहे. साठ हजारांची गोळी चालू असेल तर ती कोणत्या तारखेला थांबवायची, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.