घराणे जुने, मन मात्र कोते



आपल्या बोथ भागात निवडणूक जवळ आली, की ‘आम्ही मूळचे, ते मागाहून आलेले’ हा हिशेब निघतोच. ग्रामपंचायतीचा उमेदवार असो की मंडळाची कार्यकारिणी, कोणाचे पणजोबा आधी आले यावरच बैठक संपते. माणूस कसा आहे, हे विचारायचे राहून जाते.

चीनमधील थोर विचारवंत कन्फ्यूशिअस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) यांच्या शिकवणीत ‘श्याओरन’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा सरळ अर्थ ‘लहान माणूस’. याच्या उलट ‘च्युन्झ’, म्हणजे मुळात सरदाराचा मुलगा. पूर्वी हे दोन्ही शब्द जन्मावरून लागत. कन्फ्यूशिअस यांनी ते वागणुकीवरून लावले. मग वाड्यात जन्मलेला माणूसही लहान ठरू लागला आणि गरिबाचा मुलगा थोर. आपल्याकडे समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली, तीही वागणुकीचीच. पढतमूर्खालाही त्यांनी सोडले नाही.

हा लहान माणूस ओळखावा कसा? योग्य काय यापेक्षा आपल्या पदरात काय पडेल, हे तो आधी पाहतो. काही बिघडले की दोष दुसऱ्याचा. त्याच्या गटात सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात, पण मने जुळलेली नसतात. थोर माणूस मतभेद ठेवूनही सर्वांशी जुळवून घेतो.

आता आपल्याकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि आपल्याच बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. उरलेला बोथ आंध्र प्रदेशात राहिला व २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. एका तालुक्याची दोन राज्ये झाली. अशा ठिकाणी थोड्या संख्येने राहणाऱ्या समाजाने आपसात पिढ्या मोजत बसणे परवडणारे नाही.

बोथ विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यावर आपल्यातील काहीजण खासगीत कुरकुर करतात. जुनेपणच मोजायचे, तर या डोंगररानात गोंड बांधव आपल्याही आधीचे आहेत, हे ते सोयीने विसरतात.

तेव्हा एवढीच विनंती, की पुढच्या बैठकीत उमेदवाराचे आडनाव शेवटी विचारावे. मराठी शाळेसाठी, पाण्यासाठी, रस्त्यासाठी त्याने आजवर काय केले, हे आधी विचारावे. ज्या वस्तीने त्याला मत दिले नाही, तिथेही तो नळ नेईल का, हेही विचारावे. याचे उत्तर जो टाळेल, तो कितीही जुन्या घराण्यातला असला तरी त्याच्यामागे समाजाने जाऊ नये.