बाईक निवडताना सीसी नव्हे, वजन पाहा

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना थेट 40 टक्के लागू झाला. या मोठ्या गाड्यांवर आधी उपकर धरून 31 टक्के कर होता. म्हणजे 349 सीसीची गाडी आणि 399 सीसीची गाडी यांच्या कराच्या दरात आता 22 टक्क्यांची दरी आहे. साहजिकच मध्यम आकाराची बाईक घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात साडेतीनशेचा आकडा पक्का बसला आहे. घरात, मित्रांत, शोरूममध्ये बोलणे सुरू होते ते या रेषेच्या अलीकडची घ्यायची की पलीकडची, इथूनच. करवसुलीसाठी कुठेतरी रेषा ओढावी लागते, हे मान्य. पण चालवणाऱ्याला ती रेषा काहीच सांगत नाही. गाडी आपल्या हाताखाली राहील की अंगावर येईल, हे ठरते तिच्या वजनावर आणि त्या वजनामागे इंजिन किती ताकद लावते यावर. या दोन आकड्यांनी पाहिले तर शंभर-दीडशे सीसीवरून वर जाणाऱ्या बहुतेकांसाठी साडेतीनशेच्या गटातली शांत गाडी योग्य आहे, आणि ज्याने अजून गिअरची गाडीच चालवलेली नाही त्याने मध्यम गटाच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

आकडे पाहू. बजाज पल्सर 150 साधारण 14 पीएस ताकद देते आणि तिचे वजन 148 किलोच्या आसपास आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ची ताकद 20.2 पीएस, वजन 195 किलो. चाकणला बनणारी केटीएम 390 ड्यूक 46 पीएसची आणि 168 किलोची. आता दर शंभर किलोमागे किती ताकद येते ते काढा: पल्सरला साडेनऊ पीएस, क्लासिकला दहाच्या थोडे वर आणि ड्यूकला तब्बल 27. पल्सरवरून क्लासिकवर गेलेल्या माणसाला इंजिन दुपटीहून मोठे मिळते, पण वजनाच्या मानाने ताकद जवळपास तेवढीच राहते. तोच माणूस आणखी 50 सीसी पुढे जाऊन ड्यूकवर बसला तर ही ताकद अडीचपटीहून अधिक होते. दोन्ही गाड्यांना आपण एकाच दमात ‘मध्यम आकाराच्या’ म्हणतो आणि तिथेच फसगत होते. शिवाय ताकद कुठे मिळते याचाही फरक आहे. क्लासिकचे इंजिन आपला 27 न्यूटन-मीटरचा टॉर्क 4,000 आरपीएमलाच देते, त्यामुळे ते खालच्या आरपीएमवर गुमान ओढत राहते. ड्यूकची पूर्ण ताकद 8,500 आरपीएमला येते आणि त्या वरच्या टप्प्यात तिचा पिकअप असा काही वाढतो की शंभर सीसीची सवय असलेल्या मनगटाला त्याचा अंदाजच नसतो. चाकणचीच ट्रायम्फ स्पीड 400 किंवा डॉमिनार 400 या मधल्या जागी बसतात, 40 पीएसच्या. त्याही क्लासिकपेक्षा ड्यूकलाच अधिक जवळच्या.

हा हिशेब माझ्या मनचा नाही. युरोपीय संघात 2013 पासून लागू झालेली परवान्यांची रचना याच तत्त्वावर उभी आहे. सोळाव्या वर्षी मिळू शकणाऱ्या ए-वन परवान्यावर 125 सीसी, 11 किलोवॉट आणि दर किलोमागे 0.1 किलोवॉट एवढीच मुभा आहे. अठराव्या वर्षीच्या ए-टू परवान्याला सीसीची मर्यादाच नाही. तिथे मर्यादा आहे ती 35 किलोवॉट ताकदीची आणि दर किलोमागे 0.2 किलोवॉटची. दोन वर्षे या पायरीवर काढली की मग पूर्ण परवान्याची वाट मोकळी होते. हे 0.2 किलोवॉट म्हणजे आपल्या हिशेबाने शंभर किलोमागे सुमारे 27 पीएस. ड्यूक बरोबर या मर्यादेच्या काठावर येते. म्हणजे युरोपात जी गाडी दुसऱ्या पायरीची कमाल मानली जाते, ती आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही पहिल्याच दिवशी घेऊ शकतो. आपला 1988 चा मोटार वाहन कायदा सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची विनागिअरची गाडी आणि अठराव्या वर्षी गिअरची मोटारसायकल एवढाच भेद ओळखतो. आरटीओच्या मैदानावर शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून मिळवलेला परवाना हजार सीसीलाही चालतो. कायद्याने पायऱ्या बांधल्या नाहीत, म्हणून त्या खरेदी करणाऱ्यानेच स्वतःसाठी बांधाव्या लागतात. आपल्याकडेही अशी टप्प्यांची रचना व्हायला हवी. ती होईपर्यंत निवडीची सगळी जोखीम ग्राहकाच्या माथी आहे.

ताकदीइतकेच वजनाकडे दुर्लक्ष होते, कारण गाडी पळायला लागली की वजन जाणवत नाही. ते जाणवते ताशी दहा किलोमीटरच्या खाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रॅम्पच्या उताराला तोंड करून लावलेली गाडी मागे ओढून काढायची आहे, डावीकडे खांब आहे, उजवीकडे शेजाऱ्याची कार. 112 किलोची स्प्लेंडर इथे कमरेच्या एका झटक्यात मागे येते. 195 किलोची गाडी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकलेले नसतील तर जागची हलत नाही आणि एकदा का ती ठराविक कोनापलीकडे कलली की सावरता येत नाही. ताम्हिणी किंवा आंबोली घाटातल्या चढावर, पावसात, समोर वळणात एसटी अडकलेली आणि मागे माणूस बसलेला असेल तर हीच परीक्षा आणखी कठीण होते. उजव्या पायाने मागचा ब्रेक धरून सगळा भार डाव्या पायावर तोलायचा, हाफ क्लचवर गाडी उचलायची, आणि पाय टेकला आहे तो शेवाळलेल्या कडेवर. गाडी इथे पडते, ती वेगामुळे नव्हे. म्हणून साडेतीनशेच्या गटातही सगळ्या गाड्या सारख्या समजू नयेत. हंटर 350 आणि होंडाची हायनेस सीबी 350 या दोन्ही 181 किलोच्या आहेत. क्लासिकपेक्षा 14 किलोने कमी, आणि हे 14 किलो पार्किंगमध्ये रोज भेटतात. हंटरच्या सीटची उंची 790 मिलिमीटर आहे, क्लासिकची 805. दीड सेंटिमीटरने काय होते असे पाच फूट अकरा इंचाच्या माणसाला वाटेल. पाच फूट चार इंचाच्या माणसाची टाच टेकते की फक्त चवडा, हे तेवढ्यावर ठरते. मध्यम गाड्यांची चर्चा बहुतांशी उंच पुरुषांच्या अनुभवावर चालते. बुटक्या माणसांना आणि स्त्रियांना त्यातून चुकीचा सल्ला मिळतो, ही मला या विषयातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

जास्त ताकद हवी कशाला, याचे नेहमीचे उत्तर हायवे हे असते. पण महाराष्ट्रातला दुचाकीस्वार कोणत्या हायवेवर जाऊ शकतो? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर बंदी आहे. अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, सगळीकडे बंदी. राज्यातले सर्वांत वेगवान रस्ते त्याला बंदच आहेत. उरतात ते जुना मुंबई-पुणे रस्ता, चौपदरी राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग आणि घाट, जिथे दुभाजकाच्या फटीतून अचानक ट्रॅक्टर वळतो. 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. 20 पीएसची गाडी मागे माणूस बसवून, सामान बांधून हा वेग दिवसभर आरामात धरते. शंभरच्या पुढे मात्र तिची दमछाक होते, इंजिनाची थरथर पायापर्यंत येते, आणि माझ्या मते ते चालकाच्या हिताचेच आहे. कोरड्या रस्त्यावर सराईत चालकाने जोरात ब्रेक लावले आणि समोरचा धोका कळायला एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी 60 ला गाडी साधारण 37 मीटरमध्ये थांबते, 80 ला 57 मीटरमध्ये आणि 100 ला 83 मीटरमध्ये. वेग चाळीसने वाढला, थांबायचे अंतर दुपटीच्या पुढे गेले. ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती, आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे 71 टक्के मृत्यूंमागे अतिवेगाची नोंद आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: थ्रॉटल शेवटी आपल्याच हातात असतो, ताकद असली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे थोडेच आहे? सराईत चालकाच्या बाबतीत हे खरे आहे. नवख्याचा हात मात्र अजून शिकत असतो. खड्डा लागून हँडल हिसकले की मनगट नकळत पिळले जाते; त्या वेळी 8 पीएसची गाडी थोडी पुढे सरकते, 46 पीएसची झेप घेते. दुसरे असे की ताकदवान गाडीवर वेग कळतच नाही. ज्या गाडीला शंभर ही सहज चाल आहे तिच्यावर सत्तर रेंगाळल्यासारखे वाटते. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहेत ना, असेही म्हणतात. 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस बंधनकारक आहे आणि तो निर्णय उत्तमच होता. दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच गाडी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढेच. तो रस्त्याची पकड वाढवत नाही आणि वळणात चुकलेला वेगाचा अंदाज सुधारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो खिशाचा आहे. आधी छोटी घ्या, मग मोठी घ्या, म्हणजे दोनदा खर्च. दोनदा नोंदणी, दोनदा विमा, पहिली विकताना तोटा. नवी छोटी गाडी घेतली तर हे खरेच ठरेल. पण शिकायची गाडी नवी कशाला हवी? 125 ते 160 सीसीच्या चांगल्या चालू स्थितीतल्या जुन्या गाड्या गल्लोगल्ली मिळतात. नव्या गाडीचा भाव पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जितका घसरतो, तितका जुन्या गाडीचा घसरत नाही. वर्षभर ती चालवून विकली तर नुकसान थोडक्यात भागते. शिकताना गाडी आडवी होतेच; जुन्या गाडीचा वाकलेला लिव्हर आणि फुटलेला इंडिकेटर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तासाभरात बदलून देतो. मोठ्या गाडीचा खर्च मात्र किमतीपाशी थांबत नाही. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो आणि 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार तो 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये, 150 ते 350 ला 7,365 आणि 350 च्या वर 15,117 रुपये आहे. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड यांचे भाव त्याच चढत्या क्रमाने जातात. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणीच असेल तर तालुक्याच्या गावातल्या माणसाची प्रत्येक सर्व्हिसिंगला एक सुट्टी जाते.

चारशेच्या गटातली गाडी कोणी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. दीडशे-दोनशे सीसीवर काही वर्षे काढलेला, पावसाळ्यातला घाट पचवलेला, अचानक ब्रेक लावताना पुढच्या ब्रेकवर विश्वास ठेवणारा चालक स्पीड 400 किंवा ड्यूक घेत असेल तर त्याला करापलीकडे कोणतीही अडचण दिसत नाही. उलट 168 किलोची ड्यूक गर्दीत क्लासिकपेक्षा हलकी पडते आणि तिचे ब्रेक, सस्पेन्शन अव्वल आहेत. पण असा चालक आणि नुकताच स्प्लेंडरवरून उतरलेला चालक यांना एकच सल्ला देता येत नाही.

निवड करताना शोरूमची टेस्ट राइड फारशी मदत करत नाही, कारण ती सरळ, मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटांत उरकते. गाडी बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, सीटवर बसून नुसत्या पायांनी ती दहा फूट मागे ढकलून पाहावी. अरुंद गल्लीत पाय न टेकता यू-टर्न घ्यावा. मागे नेहमी जो बसणार आहे त्यालाच सोबत न्यावे आणि चढावर एकदा थांबून पुन्हा निघावे. हे जमले नाही तर पर्याय बदलावा. सवयीने जमेल, हे विक्रेत्याचे उत्तर ऐकून सही करू नये. आणि ऑन-रोड किंमत ठरवतानाच हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि पॅड असलेले जॅकेट यांचे पैसे वेगळे काढावेत, मग त्यासाठी खालचे व्हेरियंट घ्यावे लागले तरी चालेल. 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी 14,337 जण मागच्या सीटवर होते. म्हणून आयएसआय शिक्क्याची हेल्मेटे दोन घ्यावीत, आणि दुसरे ज्याच्यासाठी आहे त्याच्या डोक्याचे माप घेऊनच.