औषधाबरोबर घरही टिकले पाहिजे

मुलाला कर्करोग झाला म्हणजे सारे संपले, ही समजूत आपल्या समाजात अजून खोलवर रुजलेली आहे. वैद्यकशास्त्राने ती केव्हाच खोटी ठरविली आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा रक्ताचा. त्यावर औषध सापडू शकते हे प्रथम १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी दाखवून दिले. त्यांनी वापरलेली औषधे ज्या प्रयोगशाळेत तयार झाली, तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. पुढे व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळाले. किल्ले दौलताबादच्या पायथ्याशी कित्येक अंगणांत जी सदाफुली फुलते, तिच्याच अर्कातून निघालेले औषध आज जगभर ही मुले वाचवीत आहे.

असे असूनही सर्व मुले सारखी वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील शंभरापैकी ऐंशीहून अधिक बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत तिसांहूनही कमी. रोग एकच, औषधेही बहुतांशी तीच. मग एवढे अंतर कशामुळे? उशिरा झालेले निदान, अपुरी इस्पितळे, महाग औषधे ही कारणे आहेतच. परंतु आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सुरू केलेले उपचार कुटुंबाला अर्ध्यावर सोडून द्यावे लागतात. औषध हरण्यापूर्वी घर हरते.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार हे आठ-पंधरा दिवसांचे काम नव्हे. पहिले काही महिने शिरेतून औषधे, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शने, वारंवार रक्ततपासण्या आणि इस्पितळातील मुक्काम चालतो. त्यानंतर घरी राहून गोळ्या आणि ठरलेल्या दिवशी इस्पितळाची फेरी. हे सारे मिळून दोन ते तीन वर्षे जातात. या काळात मुलाचे केस गळतात, तोंड सोलवटते. स्टेरॉइडच्या दिवसांत ते सारखे खायला मागते, चिडते, रडते. रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा तापही जिवावर बेतू शकतो. मध्यरात्री ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो.

आता हे वेळापत्रक दौलताबादच्या एखाद्या श्रमिक कुटुंबावर ठेवून पाहावे. बाप वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे किंवा शेतात रोजाने जातो. आई वेरूळच्या रस्त्यावर हंगामाप्रमाणे पेरू-सीताफळाची पाटी घेऊन बसते. शहर पंधरा किलोमीटरांवर आहे, पण इस्पितळातील एक दिवस म्हणजे एका माणसाचा एक खाडा. मुलापाशी आई थांबली की तिची पाटी बंद पडते. काही तपासण्यांसाठी वा उपचारांसाठी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागले, तर बापाचेही काम सुटते. कंत्राटदार दोन-चार खाडे सोसतो. पाचव्याला दुसरा माणूस लावतो. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलविली, त्या स्थलांतराची कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दौलताबादहून साडेतीनशे किलोमीटर दूर परळच्या पदपथापर्यंत बिऱ्हाड हलविणाऱ्या आईबापांचे स्थलांतर मात्र कोणी लिहून ठेवीत नाही.

घरी राहिलेल्यांचे हाल निराळेच. थोरली मुलगी शाळा सोडून चूल सांभाळू लागते. धाकटा आजीकडे किंवा आत्याकडे राहतो आणि आई आपल्याला का टाकून गेली, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. शेळ्या विकल्या जातात, मग डोरले गहाण पडते. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. तरीही शेजारी आपल्या मुलांना दूर ठेवतात. कोणी आईच्या नशिबाला बोल लावतो, कोणी अंगारा आणून देतो, कोणी ‘इंजेक्शनांनीच पोर सुकले’ असे सांगतो. पहिल्या काही महिन्यांनंतर मूल हसू-खेळू लागते, रक्त चांगले निघते. नेमक्या याच वेळी, कर्जाने वाकलेल्या घराला वाटते की आता बरे झाले, पुढच्या फेऱ्या कशाला? उपचार थांबतात, रोग उलटतो आणि उलटलेला रोग पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतो. अशा आईबापांना अडाणी म्हणणे सोपे आहे. वास्तविक त्यांनी केलेला हिशेब पोटाचा असतो आणि तो त्यांच्यावर लादलेला असतो.

या हिशेबात मुलगी असेल तर तराजू आणखी झुकतो. भारतातील मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगग्रस्त मुलांच्या तुलनेत मुलींची संख्या बरीच कमी दिसते. हा सारा फरक निसर्गाने केलेला नाही. कित्येक मुली निदानापर्यंत आणि इस्पितळाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. दारिद्र्य आणि पुरुषप्रधानता एकाच घरात हातात हात घालून कशा नांदतात, याचा याहून क्रूर पुरावा शोधण्याची गरज नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय उभे आहे आणि मराठवाड्यातील असंख्य रुग्णांची मुंबईची फेरी त्याने वाचविली आहे. त्याच वर्षी सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च उचलते. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत देते. या सोयी लढून मिळाल्या असोत वा मागून, त्या टिकविल्या पाहिजेत. परंतु त्यांचा रोख इस्पितळाच्या बिलावर आणि तिकिटावर आहे. बुडालेली मजुरी, परगावची खोली, सकस अन्न, रात्रीचे वाहन, मागे राहिलेल्या भावंडांची शाळा यांची तरतूद त्यांत नाही. आणि घर मोडते ते नेमके याच ठिकाणी.

हा केवळ तर्क नव्हे. टाटा रुग्णालयाच्या बालविभागात २००९ च्या सुमारास सुमारे २० टक्के मुले उपचार नाकारीत किंवा अर्ध्यावर सोडून जात. पुढे औषधांच्या मदतीबरोबरच राहण्याची सोय, अन्नधान्य, समुपदेशन आणि गैरहजर कुटुंबाचा पाठपुरावा अशी व्यवस्था तेथे उभी राहिली. काही वर्षांतच हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. घराला आधार देणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे यावरून सिद्ध होते. मात्र ही व्यवस्था बरीचशी देणग्यांवर उभी आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना निवारा देते. अशा कार्यापुढे मस्तक नमवावे. तथापि दान पोहोचेल तेथे पोहोचते. हक्काला ओळखपाळख लागत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या एका पालकाला उपचारकाळात किमान वेतनाइतका शुश्रूषाभत्ता मिळावा. प्रत्येक शासकीय कर्करोग रुग्णालयालगत कुटुंबनिवास असावा. त्या काळात पालकाला कामावरून कमी करता येऊ नये; कंत्राटी कामगारालाही हे संरक्षण असावे. यात अपूर्व असे काही नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मग पाटीवालीच्या मातृत्वाला एकही दिवस का नसावा? क्षयरोग्याच्या आहारासाठी शासन २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि २०२४ च्या अखेरीपासून १००० रुपये देते. म्हणजे अन्न हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे. दुष्काळात हाताला काम मागण्याचा हक्क याच महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केला होता. घरातील आजारपण हाही एक दुष्काळच आहे.

पैसा कोठून येणार, हा नेहमीचा प्रश्न येईलच. कर्करोगाच्या एकूण रुग्णांत मुलांचे प्रमाण फार थोडे आहे. त्यामुळे हा भार राज्याला पेलणार नाही, असे म्हणता येत नाही. शिवाय बरे झालेले मूल पुढे पन्नास-साठ वर्षे जगते, शिकते, राबते. उलट अर्धवट सोडलेल्या उपचारांवर झालेला सारा खर्च वाया जातो.

कायदा होईल तेव्हा होईल; कार्यकर्त्याला तोवर थांबता येणार नाही. गावात असे मूल असेल, तर शिधापत्रिका आणि योजनेचे कागद पुरे करून द्यावेत. रक्त आणि प्लेटलेट देणाऱ्या तरुणांची यादी तयार ठेवावी. रात्री गाडी कोण काढील, हे आधीच ठरवून ठेवावे. शाळेत जाऊन, हा रोग लागत नाही, हे शिक्षकांना आणि मुलांना सांगावे. भावंडांच्या जेवणाची पाळी वस्तीने वाटून घ्यावी. आणि मूल खेळू लागल्यावर, ‘आता कशाला जायचे?’ असे घर विचारील तेव्हा, पुढच्या तारखेला त्यांच्याबरोबर इस्पितळात जावे. मोर्चात घोषणा देणे जितके आवश्यक, तितकेच हेही काम आवश्यक आहे. दोन-तीन वर्षे एका घराला पडू न देणे हे कोणत्याही गावाच्या आवाक्याबाहेरचे नाही.