जुने देऊळ, नवी साल

क्योतो म्हणजे जपानची हजार वर्षांची राजधानी, प्राचीन मंदिरांचे शहर. पण तेथील तारखा नीट पाहिल्या की ‘प्राचीन’ या शब्दाची मोठी पंचाईत होते. किन्काकुजी हे सुवर्णमंदिर मूळचे चौदाव्या शतकातले. १९५० साली एका तरुण भिक्षूने ते पेटवून दिले. आज तळ्यात ज्याचे प्रतिबिंब पडते, ते १९५५ साली उभारलेले. आमच्या तालुक्याचा एस. टी. स्टँडही त्याहून फार धाकटा नसेल!

“मग ती नक्कलच की,” असे आमचे काही मित्र म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही.

कियोमिझुदेराचे मुख्य मंदिर घ्या. तेही आगीनंतर १६३३ साली पुन्हा बांधलेले. डोंगरउतारावर पुढे आलेला त्याचा लाकडी सज्जा सुमारे १३ मीटर उंच आहे. खांबांतून आरपार तुळया घालून, पाचरी मारून तो उभा केला आहे. छपरावर हिनोकी झाडाची साल असते. ही साल जिवंत झाडावरून सोलतात. आतल्या थराला धक्का लागू द्यायचा नाही. मग झाड जगते आणि आठ-दहा वर्षांनी पुन्हा साल देते. तिच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचून बांबूच्या खिळ्यांनी बसवतात. असे छप्पर काही दशकेच टिकते. कियोमिझुदेराचे छप्पर २०१७ ते २०२० या काळात पुन्हा शाकारले गेले.

तेव्हा तेथे खरा जुना आहे तो साल सोलणारा हात. युनेस्कोने क्योतोच्या मंदिरांना १९९४ साली जागतिक वारसा मानले. लाकडी वास्तू जपण्याच्या जपानी कसबांना मान मिळायला २०२० साल उजाडले. मला विचाराल तर क्रम उलटा हवा होता. आपल्याकडेही देऊळ कोणी बांधले, या प्रश्नाला राजाचे नाव लिहिले की पूर्ण गुण!

माझे वडील सुतार आहेत. घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. त्यांनी मला रंधा कधी धरू दिला नाही. “तू शीक,” म्हणाले. त्यांना मी दोष देत नाही. कसबाला मान नाही आणि मजुरीत पोट भरत नाही, तर कोणता बाप मुलाच्या हाती रंधा देईल? जपानातही नवी पिढी अशा कामांकडे सहज वळत नाही. पण जतनाची ही कसबे निवडून, त्यांच्या शिक्षणाला सरकारने पैसा द्यावा, अशी तरतूद तेथे १९७५ साली कायद्यातच झाली.

इतिहास मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा एक तरी कारागीर बोलवावा, असे मी सरांना सुचवले आहे.