चळवळीचे दप्तर कोणाच्या हाती?

चळवळींच्या इतिहासाची साधने आता संगणकावर उपलब्ध होऊ लागली आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ २०१५ साली सुरू झाले. ब्रिटिश सरकारच्या गृह खात्याच्या ज्या फाइली चाळण्यासाठी पूर्वी दिल्ली गाठावी लागे, त्यांतील कितीतरी आज सांगली-सोलापूरच्या कार्यकर्त्याला आपल्या गावी बसून पाहता येतात. याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एक शब्द टाकला की इतिहास आपोआप पुढे येतो, अशा समजुतीने जो या दप्तराकडे जाईल, त्याची फसगत होईल. दप्तर कोणी जमवले आणि त्यातील कागदांना नाव कोणी दिले, यावर शोधाचे फळ अवलंबून असते.

मीरत कटाच्या खटल्याचे उदाहरण घ्यावे. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप लढवला. त्या लढ्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धरपकड केली. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर या पुढाऱ्यांबरोबर आळवे आणि कासले हे गिरणी कामगारांतून आलेले कार्यकर्तेही मीरतच्या तुरुंगात गेले. झडतीत सापडलेली पत्रके, पत्रव्यवहार, ‘क्रांति’ साप्ताहिकाचे अंक पोलिसांनी उचलून नेले. ते पुरावा म्हणून न्यायालयात दाखल झाले आणि त्यामुळेच त्यांतील बरेचसे टिकले. कामगारांचा इतिहास फिर्यादी पक्षाने जतन केला, असा हा विलक्षण प्रकार आहे.

त्याची किंमत शोध घेणाऱ्याला मोजावी लागते. सरकारी फाइलींना अधिकाऱ्यांनी आपल्या नजरेने नावे दिली. कामगाराच्या दृष्टीने जो हक्काचा लढा होता, तो तेथे राजद्रोह, कट किंवा अशांतता म्हणून नोंदला गेला. म्हणून त्या दप्तराला त्याच्याच शब्दांत विचारावे लागते, आणि मिळालेले उत्तर मात्र आपल्या बुद्धीने पारखून घ्यावे लागते. आळवे हे एकच आडनाव रोमन लिपीत एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिलेले आढळते. एका तऱ्हेने शोधले तर दुसरीकडचा मजकूर हुकतो. गुप्त पोलिसांनी टिपलेले भाषण हे वक्त्याचे भाषण असेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्यांना अटक झाली नाही त्यांना या दप्तरात फारशी जागा नाही. गिरण्यांच्या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत हजारो स्त्रिया राबत होत्या. संपाचे महिने त्यांनी घरात आणि रस्त्यावरही सोसले. पण आरोपींच्या यादीत त्यांची नावे नाहीत. हे रितेपण कोणताही संगणक भरून काढू शकत नाही. ते माणसांकडे जाऊनच भरावे लागते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले, ते याच मार्गाने.

आपल्या भाषेतील साधनांची अडचण आणखी वेगळी आहे. जुन्या नियतकालिकांची पाने चित्ररूपाने संगणकावर ठेवली, तरी त्यांतील अक्षरे यंत्राला वाचता येईपर्यंत शब्दशोध चालत नाही. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीचा छापील मजकूर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘कामगारांनीं’ असा अनुस्वारयुक्त असे. आजच्या रीतीने लिहिलेला शब्द त्यास जुळत नाही. शब्दांचे अर्थही काळाबरोबर सरकतात. १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ चाळताना केवळ ‘दलित’ हा शब्द धरून बसणाऱ्याला त्या पत्राचे मर्म गवसणार नाही. ‘बहिष्कृत’, ‘अस्पृश्य’ हे त्या काळचे शब्द त्याला ठाऊक हवेत. चळवळीची भाषा जाणणारा कार्यकर्ता या कामी हवा, तो याचसाठी.

चळवळीला स्वतःचे दप्तर राखता येते, याचे दाखले आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमची आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था १९३५ साली स्थापन झाली. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर काढलेली मार्क्स-एंगल्स यांची कागदपत्रे तिने १९३८ साली मिळवली आणि हॉलंडवर जर्मनांचे आक्रमण होण्यापूर्वीच ती इंग्लंडला हलवून वाचवली. आज ती संगणकावर कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आणि श्रमिक इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून १९९८ साली भारतीय श्रमिकांचा अभिलेख संग्रह सुरू केला.

महाराष्ट्रात मात्र हे काम व्यक्तींच्या निष्ठेवर तगून आहे. १९७२ च्या महागाईविरोधी लढ्यात लाटणी घेऊन निघालेल्या स्त्रियांची पत्रके, १९८२ च्या गिरणी संपातील चाळ समित्यांच्या वह्या आज कोणाच्या ट्रंकेत आहेत? ज्यांनी त्या लिहिल्या ते वृद्ध झाले, अनेकजण गेले. घर बदलताना रद्दीवाल्याला दिलेली वही पुन्हा मिळत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपापल्या कार्यालयातील आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या घरातील कागदांची यादी करावी. पत्रकावर तारीख नसेल तर विचारून ती यादीत नोंदवावी. छायाचित्रातील माणसांची नावे, ओळखणारा हयात आहे तोवर, लिहून घ्यावीत. सभासदांची नावे आणि खाजगी पत्रे मात्र संबंधितांच्या संमतीवाचून खुली करू नयेत; मीरतला जप्त केलेले कागदच पोलिसांच्या कामी आले, त्याचा विसर पडू नये. जमलेला संग्रह कोणा एकाच्या मालकीचा न ठेवता सार्वजनिक ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या साहाय्याने सर्वांना मोफत खुला असावा.

सरकारने आपल्याविषयी काय लिहिले हे पुढील पिढीला सहज सापडेल, त्याची व्यवस्था झालेली आहे. आपण स्वतःविषयी काय लिहिले हे तिला सापडावे की नाही, याचा निर्णय आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी मिळणारा अवधी फार थोडा आहे.