त्यांच्या पाऊचमधला माझा पासपोर्ट

'यंदा हिला श्रीलंका फिरवून आणली.' परत आल्यावर आमच्या सोसायटीत हे वाक्य मी निदान चार वेळा ऐकलं. बोलणारा माझाच नवरा. माणूस भला आहे. घरात भांडी घासतो, माझ्या सभा-मोर्च्यांना कधी आडवा आलेला नाही. सहलीचे निम्मे पैसे माझ्या पगारातले होते, हेही त्याला ठाऊक आहे. तरी तोंडात आलं ते 'फिरवून आणली'. मैत्रिणींनो, या शब्दाकडे जरा नीट बघा. फिरवून आणतात ते लहान मुलाला, नाहीतर घरातल्या आजाऱ्याला. आपण आपल्या पायांनी फिरलो, असं आपल्याबद्दल कुणी का म्हणत नाही?

आम्ही एकूण अठ्ठावीस जण होतो. तेरा जोडपी आणि दोन विधवा बहिणी. पहिल्याच दिवशी बसमध्ये ओळखी झाल्या. माइक हातोहात फिरला आणि प्रत्येक वेळी गेला तो नवऱ्याच्या हातात. 'मी अमुक, बँकेतून रिटायर्ड, आणि ही आमची मिसेस.' मिसेसने हात जोडायचे. तिच्या वाट्याला माइक आला तो उखाण्यापुरता. तेरा जणींपैकी दोघी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, एकीचा स्वतःचा कारखाना होता, हे मला कळलं तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या रांगेत. त्या दोन बहिणींची पाळी आली तेव्हा कुणीतरी काळजीने विचारलं, 'तुमच्याबरोबर कुणी नाही का?' बहीण शेजारीच बसली होती!

आणि विश्रांतीचं म्हणाल, तर चिवडा, लाडू, चटण्यांचे डबे कुणी भरले होते? त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या रोज सकाळी मोजून कोण देत होतं? कँडीला दंतमंदिराच्या दारात त्यांच्या उघड्या गुडघ्यांवर बांधायला ओढणी कुणाच्या पिशवीतून निघाली? स्वयंपाक सुटला, एवढंच. बाकीची नोकरी विमानाने आमच्याबरोबर आली.

यजमान देश कोणता, तर जगातली पहिली महिला पंतप्रधान देणारा. सिरिमावो बंदरनायके १९६० साली पंतप्रधान झाल्या. आमच्या गाइडने हे अभिमानाने सांगितलं आणि बसमधले एक गृहस्थ म्हणाले, 'आमच्याकडे घरोघरी पंतप्रधान आहे हो!' सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नुवारा एलियाच्या वाटेवर चहाचे मळे लागले. पाने खुडणाऱ्या बायांबरोबर फोटो काढायला बस थांबली. आमच्यातल्या काहींनी त्यांच्या टोपल्या पाठीला लावून घेतल्या. या बाया तमिळ. इंग्रजांनी यांच्या पणज्या-पणजोबांना दक्षिण भारतातून मळ्यांवर नेलं. देश स्वतंत्र झाला आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यातल्या लाखोंना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. नागरिकत्वाचा तो तिढा पुढे कित्येक दशकं चालला. या मळ्यांबद्दल वाचलेली एक गोष्ट मला तिथे आठवली. दिवसभर पाने खुडायची बाईने, आणि तिची मजुरी हातात घ्यायची नवऱ्याने किंवा बापाने, अशी रीत तिथे वर्षानुवर्षं होती. मला चीड आली. आणि लगेच हात माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे गेला. तिच्यात काय होतं? कंगवा, गोळ्या, ओले रुमाल. माझा पासपोर्ट, विम्याचा कागद, परकी चलनाच्या नोटा, सगळं नवऱ्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये. कोलंबोच्या विमानतळावर काउंटरपुरता पासपोर्ट माझ्या हातात आला होता. शिक्का बसला आणि दहा पावलांवर मी तो स्वतःहून परत दिला. मागितलाही नव्हता त्याने.

त्याच रात्री आमच्यातल्या एका काकांच्या छातीत दुखू लागलं. टूर मॅनेजरने धावपळ करून त्यांना दवाखान्यात नेलं. काकू बरोबर गेल्या, पण रिकाम्या हातांनी. कार्डाचा पिन माहीत नाही. विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात, माहीत नाही. काकांचा फोन त्यांच्या बोटाशिवाय उघडेना आणि काकूंच्या फोनला रोमिंग नव्हतं, कारण 'दोघांना कशाला, बरोबरच तर आहोत.' मुलाचा नंबर पाठ नव्हता. पस्तीस वर्षं संसार केलेली बाई बाकावर बसून नुसती रडत होती. मार्ग काढला तो त्या दोन बहिणींनी. पैसे भरले, डॉक्टरांशी बोलल्या, पुण्यातून मुलाचा नंबर मिळवला. काका वाचले. दुखणं पित्ताचं निघालं. पहाटे चहा घेताना थोरली मला म्हणाली, 'हे गेल्यावर सगळं शिकले. ते असतानाच शिकायला हवं होतं.'

आता म्हणतील, तो हे प्रेमाने करतो. असेल. पण ज्या प्रेमापायी बाई परक्या गावात मध्यरात्री निराधार होते, ते प्रेम तपासून घ्यायला नको? म्हणतील, बायकांनाच कटकट नको असते. खरं आहे, मलाही नको होती. अधिकार सोडणं सुखाचं वाटावं, अशीच तर आपली घडण झाली आहे. आणि बायकांना परदेशात जमत नाही म्हणणाऱ्यांनी आठवावं, पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि १८८६ साली तिथून अमेरिकेला. त्यांचे कागद सांभाळायला नवरा नव्हता. वैधव्य आलेलं होतं.

फक्त बायकांच्या सहली आता पुष्कळ निघतात. जरूर जावं. पण आठ दिवस मोकळं हिंडून पुन्हा पाऊचमध्येच परतायचं असेल, तर ती सुट्टी झाली, सुटका नव्हे.

म्हणून जोडीने निघालात तरी आपला पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवा. विम्याची प्रत, पिन, मुलांचे नंबर, हॉटेलचा पत्ता दोघांकडेही हवा. फोन दोघांचेही चालू हवेत. गोळ्या ज्याच्या त्याने मोजाव्यात. प्रवासी कंपन्यांनाही आपण विचारू या, की चौकशीचा फोन नवऱ्यालाच का जातो, आणि एकटीने निघालेल्या बाईला खोलीचा जादा भुर्दंड का?

पुढच्या खेपेला माइक माझ्यापर्यंत आला, की मी उखाणा घेणार नाही. माझं नाव सांगेन, काम सांगेन, आणि म्हणेन, 'हे माझे सहप्रवासी.'