गोड गोळ्या बाजूला ठेवा, आधी दवाखाना गाठा

घरातल्या पिल्लाला आत्ता उलट्या-जुलाब चालू असतील, तर हे वाचत बसू नका. त्याला टॉवेलात गुंडाळा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे निघा. बाकीच्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते.

आपल्याकडे कितीतरी घरांत होमिओपॅथीची पेटी असते. कुत्रं ओकलं की नक्स व्होमिका, जुलाब झाले की पोडोफायलम नाहीतर आर्सेनिक अल्बम. चार गोळ्या जिभेवर, आणि सकाळपर्यंत वाट. यामागे तुमची माया आहे, निष्काळजीपणा नाही. तुमच्या सर्दीला तुम्ही काय घेता, यावर मला वाद घालायचा नाही. पण या गोळ्यांची ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात लागोपाठ ३० वेळा पातळ केलेलं द्रव्य. मूळ पदार्थाचा एक कणही त्यात उरत नाही म्हटलं तरी चालेल. ती गोळी कुत्र्याला मारत नाही, ती त्याची वेळ खाते.

आणि पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार, वेळ देत नाही. लस पूर्ण न झालेल्या, दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लांना तो हमखास गाठतो. पिल्लू आधी खाणं सोडतं, मलूल होतं, मग ओकतं, मग घाण वासाचे, रक्ताचे जुलाब. हा विषाणू आतड्याचं अस्तर उखडून टाकतो. अंगातलं पाणी आणि साखर झपाट्याने उतरते. विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही, म्हणून सगळी भिस्त सलाईनवर, उलटी थांबवणाऱ्या इंजेक्शनवर आणि दुसरा संसर्ग रोखणाऱ्या औषधांवर. हे वेळेत मिळालं तर बहुतेक पिल्लं वाचतात. नाही मिळालं तर बहुतेक जातात. 'सकाळी बघू' म्हणू नका. मुलं सकाळी उठून आधी त्यालाच शोधणार आहेत.

म्हणून बघायला शिका. ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी फिकट आहे, चिकट आहे? निघा. मानेमागची कातडी चिमटीत उचलली आणि ती तशीच उभी राहिली? निघा. प्यायलेलं पाणीही ओकतंय, जुलाबात रक्त आहे? निघा.

मोठं कुत्रंही सुरक्षित नाही. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा, रविवारी मटणाचं हाड, एरवी कुणाचा तरी मोजा. आतडं तुंबलं की कोणतीही गोळी ते मोकळं करत नाही. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं, ते ओकायला बघतंय आणि बाहेर काहीच येत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो.

घरच्यांचाही विचार करा. पावसात उलट्या, ताप, पिवळे पडलेले डोळे ही लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराची लक्षणं असू शकतात. तो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा, डॉक्टरांना सगळं सांगा.

मग घरी काहीच करायचं नाही का? करा ना. धडधाकट मोठं कुत्रं एखाद-दोनदा ओकलं, पण शेपूट हलवतंय, पाणी पचवतंय, तर थोडं थोडं पाणी द्या. मऊ भात द्या, सोबत मीठ-मसाला-कांद्याशिवाय उकडलेलं, हाड काढलेलं चिकन. एक दिवस बघा, त्याहून जास्त नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबू नका, आणि त्याला उपाशी ठेवू नका. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका. कुत्र्यासाठी ती औषधं विषासारखी ठरू शकतात.

आज रात्रीच दोन कामं करा. रात्री उघडा असणारा जवळचा प्राण्यांचा दवाखाना शोधा, नंबर मोबाइलमध्ये घाला. गावात असाल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा घ्या. मग लसीचं कार्ड काढा. पिल्लाचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्यावे लागतात. एखादा राहिला असेल तर उद्याच घेऊन जा.